साडेनऊला पोहोचायचं तर घर किती वाजता सोडायचं?

मुंबईत नोकरीसाठी नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हमखास विचारलं जातं, "ऑफिसला किती वेळ लागतो रे?" तो मॅप उघडून सांगतो, "दीड तास." मग साडेनऊची ड्युटी, दीड तास प्रवास, म्हणजे आठला निघालं की झालं, असा हिशेब मांडून तो आठला निघतो आणि दहाला पोहोचतो. गावी ऑफिस स्कूटरवरून दहा मिनिटांवर असतं, तिथे हा सरळ हिशेब चालून जातो. इथे तो उलटा करावा लागतो. पोहोचायची वेळ आधी पक्की करायची आणि तिथून एकेक टप्पा मागे येत घराच्या कुलपापर्यंत यायचं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. राहणं डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात, ऑफिस अंधेरी पूर्वेला चकाल्यात. डोंबिवलीहून मध्य रेल्वेची फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, चकाला स्टेशन, पुढे पायी. हा रस्ता मुद्दाम निवडला, कारण त्यात शेअर रिक्षा, लोकल, मेट्रो, पूल, सिक्युरिटीची रांग, लिफ्ट असं सगळंच येतं. तुम्ही वसईला किंवा पनवेलला राहत असाल तर स्टेशनांची नावं बदला, पद्धत तीच राहील.

पायरी १: दार कधी बंद होतं ते शोधा

नेमणुकीच्या पत्रात ९:३० लिहिलेलं असतं. पण ९:३० ला नेमकं कुठे? इमारतीच्या गेटवर, अंगठा लावायच्या मशीनपाशी, की जागेवर? पहिल्या दिवशी तुमच्याकडे ओळखपत्र नसतं, म्हणजे खाली रजिस्टरमध्ये नाव लिहा, फोटो काढा, वरून कुणाचा तरी फोन येईपर्यंत थांबा. हे एचआरला आदल्या दिवशी सरळ विचारून घ्या: "मॅडम, साडेनऊला रिसेप्शनवर यायचं की वर फ्लोअरवर?" असं विचारल्यानं कुणी नवखं समजत नाही.

परीक्षा असेल तर हा फरक फार महागात पडतो. नीटचा पेपर दुपारी २ वाजता, पण केंद्राचं गेट दीडला बंद होतं. एक वाजून एकतीस मिनिटांनी आलेला विद्यार्थी पेपरच्या एकोणतीस मिनिटं आधी येऊनही बाहेरच राहतो. बोर्डाचा दहावी-बारावीचा सकाळचा पेपर ११ चा, पण मुलांना साडेदहाला वर्गात हजर राहावं लागतं. विमानाचंही तसंच. तिकिटावर छापलेली वेळ विमान सुटायची असते, सामान घेणारा काउंटर त्याच्या साधारण तासभर आधी बंद झालेला असतो.

म्हणून कागदाच्या सगळ्यात वर घटनेची वेळ लिहू नका, दार बंद व्हायची वेळ लिहा. आणि ऑफिसात दहा मिनिटांची सवलत मिळते असं कुणी सांगितलं तरी ती हिशेबात धरू नका. ती लोकल बंद पडेल त्या दिवसासाठी शिल्लक राहू द्या.

पायरी २: एकेक टप्पा मागे या

आता कागद घ्या. मोबाइलवरही चालेल, पण पहिल्यांदा कागदच बरा, कारण टप्पे एकाखाली एक दिसतात आणि कुठला गाळला ते लगेच लक्षात येतं.

वर जागेवर पोहोचायचं: ९:३०.
गेटवर नोंद, लिफ्टची रांग, वर जाणं यासाठी पंधरा मिनिटं. म्हणजे गेटवर ९:१५. (नऊ ते दहामध्ये लिफ्टसमोर काय असतं ते एकदा बघाच. आठव्या मजल्यावरचे ऑफिस जिन्यानं गाठणारे लोक तब्येतीसाठी जिना चढत नसतात.)
चकाला मेट्रोच्या फलाटापासून गेटपर्यंत जिने धरून दहा मिनिटं. म्हणजे मेट्रोतून ९:०५ ला उतरायचं.
घाटकोपर ते चकाला प्रवास पंधरा मिनिटं धरू. घाटकोपरची मेट्रो ८:५० ची.
घाटकोपरच्या रेल्वे फलाटावरून मेट्रोच्या फलाटापर्यंत: पूल, गर्दी, बॅगेची तपासणी, गेट, आणि समोरची गाडी भरली म्हणून मागची. वीस मिनिटं. लोकल घाटकोपरला ८:३० ला लागली पाहिजे.
डोंबिवली ते घाटकोपर फास्ट लोकलनं चाळीस मिनिटांच्या आसपास. डोंबिवलीहून ७:५० ला गाडी सुटली पाहिजे.

इथे थांबा. पुढची पायरी वाचल्याशिवाय खाली जाऊ नका.

पायरी ३: इथे मिनिटं चुकत नाहीत, गाडी चुकते

पायी जाताना दोन मिनिटं उशिरा निघालात तर दोन मिनिटं उशिरा पोहोचता. लोकलचं तसं नाही. रिक्षा स्टँडवर दोन मिनिटं गेली, त्यामुळे समोरून गाडी सुटली, की पुढची फास्ट येईपर्यंतचा सगळा वेळ गेला. डोंबिवलीला सकाळी गाड्या भरपूर, त्यामुळे हा तोटा आठ-दहा मिनिटांत भागतो. बदलापूरच्या पुढे वांगणी, नेरळकडे किंवा टिटवाळ्याच्या पुढे आसनगाव, कसाऱ्याकडे राहत असाल तर एक गाडी चुकणं म्हणजे अर्धा तास सहज गेला. मेट्रोला गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी गाडी असते, तिथे एक हुकली तरी बिघडत नाही.

यावरून राखीव वेळ कुठे ठेवायचा ते ठरतं. नवे लोक सगळ्या टप्प्यांना पाच-पाच मिनिटं जास्त लावतात आणि समाधान मानतात. त्याचा फारसा उपयोग नाही. जी गाडी चुकली की पुढची यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिच्या आधी जास्तीत जास्त वेळ राखा. आपल्या उदाहरणात ती डोंबिवलीची फास्ट. कसाऱ्याच्या माणसाला कसाऱ्याची लोकल. एसटीनं येऊन कल्याणला गाडी पकडणाऱ्याला ती एसटी.

वेळापत्रकात ७:५० ला गाडी नसणारच. समजा ७:४६ ची फास्ट आहे. मग ७:४६ ही तुमची शेवटची गाडी झाली, तुमची गाडी तिच्या आधीची. समजा ती ७:३८ ची. हा नियम घट्ट धरा: हिशेबात जी बसते ती गाडी राखीव, जायचं तिच्या आधीच्या गाडीनं. कारण डोंबिवलीला कल्याणहून, बदलापूरहून, कर्जतहून येणारी गाडी आधीच दारापर्यंत भरलेली असते आणि नव्या माणसाला पहिल्या प्रयत्नात चढता येईलच असं नाही. डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळत असेल तर वेळ थोडी अलीकडे आणून तीच पकडा. चढणं जमतं, नशीब असेल तर तिघांच्या बाकावर सरकून मिळणारी चौथी सीटही मिळते.

आता पुढे. ७:३८ ची गाडी, म्हणजे फलाटावर आपल्या डब्याच्या जागी ७:३२ ला उभं. स्टेशनच्या तोंडापासून पूल चढून तिथपर्यंत सात मिनिटं: ७:२५. शेअर रिक्षानं स्टेशन गाठायला पंधरा मिनिटं: ७:१०. स्टँडवर रिक्षासाठी रांग दहा मिनिटं: ७:००. घरापासून स्टँडपर्यंत पाच मिनिटं चाल.

कुलूप ६:५५ ला.

म्हणजे घर ते खुर्ची दोन तास पस्तीस मिनिटं. मॅपनं दीड तास सांगितला होता. मॅप खोटं बोलत नाही. तो चालत्या गाडीचा वेळ सांगतो आणि गाड्यांमधलं थांबणं थोडं धरतो. रिक्षाची रांग, पुलावरची कोंडी, बॅगेची तपासणी, लिफ्ट यातलं त्याला फारसं काही माहीत नसतं. मेट्रोचंच बघा. २०१४ साली सुरू झालेली ही वर्सोवा-घाटकोपर मार्गिका ११.४ किलोमीटरची, बारा स्टेशनं. अख्खा मार्ग ती एकवीस-बावीस मिनिटांत संपवते. तुम्हाला तर अर्ध्या वाटेवरच उतरायचं आहे, पण सकाळी घाटकोपरच्या पुलावरून तिच्यात शिरेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा आत बसूनही जात नाही. तरी तक्रार करू नये. ही मेट्रो नव्हती तेव्हा याच प्रवासाला घाटकोपरहून बस नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलणं, एवढेच मार्ग होते.

हा हिशेब पहिल्या दिवसाचा, मुलाखतीचा किंवा परीक्षेचा. रोज एवढ्या लवकर निघायची गरज नाही, त्याचं पुढे बघू.

पायरी ४: घरातला वेळ वेगळा मांडा

६:५५ ला कुलूप म्हणजे ६:५० ला बूट घालून, बॅग खांद्याला लावून दारात. त्याआधी नाश्ता, त्याआधी आंघोळ. एकटे राहत असाल तर सहाला उठून भागेल. चौघं मिळून एका खोलीत राहत असाल आणि बाथरूम एकच असेल, तर आंघोळीचा नंबर आदल्या रात्री ठरवून घ्या. "मला उद्या सव्वासहाला लागेल" एवढं सांगून ठेवलं तरी पुरतं. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर ती वेळही कागदावर लिहा.

सकाळी काहीही शोधावं लागता कामा नये. कागदपत्रांची फाइल, आधार कार्ड, फोटो, डबा, चार्जर रात्रीच बॅगेत. तिकिटाच्या खिडकीची सकाळची रांग या हिशेबात कुठेच धरलेली नाही, मुद्दामच. महिन्याचा पास आदल्या संध्याकाळी काढून ठेवा, किंवा रेल्वेच्या ॲपवर. मेट्रोचं तिकीट मोबाइलवर क्यूआरच्या रूपात मिळतं, पण पुलावरच्या गर्दीत ते शोधत उभं राहू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवला तर नेटवर्क नसलं तरी अडत नाही.

पायरी ५: एकदा जाऊन या, पण रविवारी नको

शक्य असेल तर रुजू व्हायच्या आधी कामाच्या दिवशी त्याच वेळी एकदा पूर्ण जाऊन या. रविवारी गेलात तर चुकीचं शिकाल: वेळापत्रक वेगळं, गर्दी वेगळी, रिक्षाची रांग नाहीच.

जाताना प्रत्येक टप्प्यावर घड्याळ बघून मोबाइलमध्ये वेळ टिपा. स्टँड, रिक्षात बसलो, स्टेशन, गाडीत चढलो, घाटकोपर, मेट्रोत चढलो, चकाला, गेट. आणि काही गोष्टी नुसत्या बघून ठेवा. घाटकोपरला मेट्रोकडे जाणाऱ्या जिन्यासमोर कितवा डबा लागतो ते बघा आणि डोंबिवलीला त्याच डब्याच्या जागी उभे राहायची सवय लावा. पुढून चौथ्या डब्यात असणं आणि मागून दुसऱ्यात असणं, यात पुलावर चढायला पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो. डब्याबाहेरच्या खुणा वाचायला शिका. घाईत फर्स्ट क्लासमध्ये किंवा महिलांच्या डब्यात शिरलात तर दंड आणि वेळ, दोन्ही जातं.

इंडिकेटरवर गाडी फास्ट की स्लो ते अक्षरानं असतं. स्लोमध्ये बसलात तर डोंबिवली-घाटकोपरमध्ये बराच वेळ जास्त लागेल. आणि फास्ट लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबत नाही. ठाणं सुटलं की दाराकडे सरकायला लागायचं. समोरच्या माणसाच्या खांद्याजवळ तोंड नेऊन विचारायचं, "घाटकोपर?" त्यानं मान हलवली की त्याच्या मागे उभं राहायचं. नाही म्हणाला तर त्याच्याशी जागा बदलून घ्यायची. हे न करता गाडी थांबल्यावर उठलात तर कुर्ल्याला उतराल, आणि तिथून उलट यायला फलाट बदलून दहा-पंधरा मिनिटं जातील. पश्चिम रेल्वेवरही हेच. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू, असा विचार संध्याकाळी करू नका. उतरू देतीलच अशी खात्री नाही, आणि ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

दादरला गाडी बदलणाऱ्यांसाठी एक सूचना. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक आहेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. जुनी माणसं अजून जुने क्रमांक सांगतात. "मध्यचा तीन नंबर" ऐकून पाट्या शोधत बसलात तर गाडी जाईल. मध्य की पश्चिम, आणि कुठे जाणारी, एवढं विचारून पाट्या वाचा.

पायरी ६: पंधरवड्यानं हिशेब आवळा

दोन आठवडे वेळा टिपल्यात तर तुमचे स्वतःचे आकडे तयार होतात. त्यांची सरासरी काढू नका. सरासरीवर चालणारा माणूस निम्मे दिवस उशिरा पोहोचतो. प्रत्येक टप्प्याचा सगळ्यात वाईट पण नेहमीचा दिवस घ्या. गाडी तासभर बंद पडली होती तो दिवस सोडून द्या, पण सोमवारची रिक्षाची रांग धरा. लोक घाटकोपरच्या पुलाला वीस मिनिटं लागतात असं सांगत असतील आणि तुमच्या टिपणात चौदाच्या वर कधीच गेली नसतील, तर पंधरा धरा. ओळखपत्र मिळालं की गेटवरची पंधरा मिनिटं सात-आठवर येतात. हळूहळू कुलपाची वेळ ७:२० पर्यंत सरकेल. "आधीची गाडी" हा नियम मात्र पावसाळ्यात सोडू नका.

पायरी ७: वाटेत खुणेच्या वेळा ठेवा

हिशेब कागदावर करून बॅगेत ठेवण्यात अर्थ नाही. दोन वेळा डोक्यात असू द्या: राखीव गाडी ७:४६, घाटकोपर ८:३०. ७:४६ चुकली किंवा ८:३० ला गाडी अजून मुलुंडजवळ रेंगाळतेय, तर त्याच क्षणी ऑफिसला कळवा. "मध्य रेल्वे उशिरानं चालतेय, मी ठाण्याच्या पुढे आहे, पावणेदहापर्यंत पोहोचतो." कुठे आहात आणि कधी पोहोचाल, या दोन गोष्टी सांगितल्या की पुरे. साडेनऊ वाजून गेल्यावर "येतोय, रस्त्यात आहे" असा मेसेज केला तर तो कुणी खरा मानत नाही. मुंबईत सगळेच रस्त्यात असतात.

मेसेज पाठवायला गाडीतल्या चेंगराचेंगरीत हात वर येत नाही, हे लक्षात घेऊन तो आधीच लिहून ठेवलेला बरा.

पावसाळा आणि रविवार

जून ते सप्टेंबर वेगळं गणित. महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला की पाणी समुद्रात उतरत नाही. मग शीव, कुर्ला, माटुंगा इथे रुळांवर पाणी साचून मध्य रेल्वे मंदावते, कधी थांबते. तुम्ही घाटकोपरलाच उतरत असलात तरी पुढे अडकलेल्या गाड्यांची रांग मागे मुलुंडपर्यंत येतेच. रात्रभर पाऊस झाला असेल तर सकाळी आंघोळीच्या आधी रेल्वेची स्थिती बघा. एकऐवजी दोन गाड्या आधी निघा, किंवा सरळ फोन करून विचारा की आज यायचंच आहे का. मुंबईतल्या ऑफिसांना असा फोन नवा नाही.

रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद. मध्य आणि हार्बरवर (कुर्ल्यावरून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर) तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. पश्चिमवाले त्याला जम्बोब्लॉक म्हणतात. मुख्य मार्गावर फास्ट गाड्या स्लो मार्गावरून वळवतात, म्हणजे गाडी मिळते पण वेळ जास्त लागतो. हार्बरवर त्या पट्ट्यातल्या गाड्याच रद्द होतात. कुठून कुठपर्यंत ब्लॉक आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं.

हे परीक्षार्थींनी खास लक्षात ठेवावं, कारण एमपीएससीची पूर्व परीक्षा आणि इतर अनेक भरती परीक्षा रविवारीच असतात. केंद्र नवी मुंबईत आणि तुम्ही कुर्ल्याला, तर शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची बातमी वाचल्याशिवाय उलटा हिशेब सुरूच करू नका. सकाळचा पेपर असेल तर जाताना ब्लॉक लागायच्या आत पोहोचाल, पण येताना अडकाल. दुपारचा असेल तर जाणंच ब्लॉकमध्ये येतं. अशा वेळी ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर चालू आहे का ते बघा. तीही बंद असेल तर बसचा वेळ धरा, आणि दोन-तीन मित्रांचं केंद्र एकच असेल तर टॅक्सीचे पैसे वाटून घ्या. हॉल तिकिटावरचा केंद्राचा पत्ता शनिवारीच मॅपवर टाकून बघा. एकाच संस्थेच्या दोन शाखा दोन उपनगरांत असतात, आणि रिक्षावाला तुम्हाला जवळच्या शाखेत नेऊन सोडतो.